पक्षाघातानंतरचे पुनर्वसन : संशोधनाने दिलेले चार धडे

कुटुंबांसाठी आणि आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी माहिती

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, तर पक्षाघात होतो. बोलीभाषेत यालाच लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतात. रुग्णालयातील उपचारांनी जीव वाचला, तरी उठून बसणे, चालणे, घास तोंडापर्यंत नेणे, मनातले बोलून दाखवणे अशा साध्या गोष्टी अनेक रुग्णांना पुन्हा शिकाव्या लागतात. या शिकण्याला साहाय्य करणाऱ्या उपचारांना पुनर्वसन म्हणतात. भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि पुनर्वसन-वैद्यक शाखेचे डॉक्टर हे काम करतात. घरी गेल्यावर मात्र त्याचा मोठा भार कुटुंबावर येतो. हा भार नेमका कसा उचलावा, कोणत्या उपायावर पैसा व श्रम खर्च करावेत आणि कोणत्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देऊ नये, हे समजण्यासाठी संशोधनाचे निष्कर्ष उपयोगी पडतात.

सुधारणेचे श्रेय कोणाला द्यावे?

पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत मेंदू काही प्रमाणात आपोआपही सावरत असतो. नेमक्या याच काळात घरोघरी नाना उपाय चालू असतात. कोणी मालिश करवतात, कोणी काढे देतात, कोणी कबुतराचे रक्त चोळतात, कोणी कर्ज काढून यंत्रांचे उपचार घेतात. हात थोडा हलू लागला की जो उपाय सर्वांत शेवटी केला, त्याला श्रेय मिळते. तो उपाय केला नसता तर काय झाले असते, हे एका रुग्णाकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. अनुभवी डॉक्टरांनाही नाही.

म्हणून संशोधक तुलना करतात. सारख्या स्थितीतील पुष्कळ रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट पाडले जातात. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर किंवा रुग्ण ठरवत नाहीत. ते चिठ्ठी टाकावी तसे योगायोगाने ठरते. एका गटाला नवा उपचार मिळतो, दुसऱ्याला नेहमीचा. ठरावीक महिन्यांनी दोन्ही गटांची तपासणी होते आणि शक्यतो तपासणाऱ्याला कोणता रुग्ण कोणत्या गटातील आहे हे सांगितले जात नाही. मेंदूचे आपोआप सावरणे दोन्ही गटांत सारखेच चालू असते. त्यामुळे शेवटी जो फरक उरतो, तो उपचाराचा मानता येतो. पुढील चारही धडे अशाच तुलनेतून मिळालेले आहेत.

पहिला धडा : पहिल्या दिवशी घाई नको

रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवू, तितके चांगले, अशी समजूत पूर्वी अनेक रुग्णालयांतही होती. ती तपासण्यासाठी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया आणि ब्रिटन या पाच देशांतील ५६ पक्षाघात विभागांत 'अ‍ॅव्हर्ट' नावाचा अभ्यास झाला. त्यात २,१०४ रुग्ण होते. एका गटाला २४ तासांच्या आत उठवण्यास सुरुवात करून वारंवार व अधिक वेळ हालचाल दिली. दुसऱ्या गटाची नेहमीच्या पद्धतीने काळजी घेतली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर चांगली स्थिती गाठणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात ५० टक्के, तर अधिक हालचाल दिलेल्या गटात ४६ टक्के होते. चांगल्या हेतूने केलेल्या घाईचा लाभ झाला नाही, उलट थोडी हानीच झाली.

याचा अर्थ रुग्णाला दिवसेंदिवस झोपवून ठेवावे असा नाही. नेहमीच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनाही पहिल्या २४ तासांत उठवले गेले होते. पुढील विश्लेषणात असे दिसले की हालचाल थोडी थोडी आणि अनेक वेळा केलेली बरी. पहिल्या दिवसांत रुग्णाला केव्हा आणि किती वेळ बसवायचे हे डॉक्टर व परिचारिका यांना ठरवू द्यावे. नातेवाइकांनी स्वतःहून त्याला उभे करू नये.

दुसरा धडा : कुटुंब सोबती आहे, तज्ज्ञाला पर्याय नाही

आपल्या देशात भौतिकोपचारतज्ज्ञ सर्वत्र सहज मिळत नाहीत. मग घरच्या माणसालाच शिकवून त्याच्याकडून पुनर्वसन करवून घेता येईल का? हा प्रश्न घेऊन भारतातील १४ रुग्णालयांत 'अटेंड' हा अभ्यास झाला. जानेवारी २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात १,२५० रुग्ण त्यात घेतले गेले. अर्ध्या रुग्णांच्या घरातील एका व्यक्तीला रुग्णालयातच सुमारे तीन दिवस, रोज सुमारे एक तास, प्रशिक्षण दिले. नंतर दोन महिन्यांत सहापर्यंत गृहभेटी दिल्या. उरलेल्या रुग्णांना नेहमीची काळजी मिळाली.

सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा दैनंदिन कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेले रुग्ण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के होते. २०१७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अनेकांना तो निराशाजनक वाटला, परंतु कुटुंबांच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे.

पहिली गोष्ट, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली मुलगी, सून, पत्नी किंवा मुलगा प्रशिक्षित तज्ज्ञाची जागा भरून काढू शकत नाही. म्हणून 'घरीच व्यायाम करून घ्या' एवढ्या सांगण्यावर थांबू नये. पुनर्वसन सेवेकडे पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्यावी आणि फेरतपासणी चुकवू नये. दुसरी गोष्ट, मनापासून सेवा करूनही रुग्ण अपेक्षेप्रमाणे सुधारला नाही, तर तो सेवा करणाऱ्याचा दोष ठरत नाही. 'तू नीट व्यायाम घेतला नाहीस' असा ठपका घरातील एकाच व्यक्तीवर ठेवणे अन्यायाचे आहे. तिसरी गोष्ट, कुटुंबाची सेवा निरुपयोगी आहे असे या अभ्यासाने म्हटलेले नाही. दोन्ही गटांतील रुग्णांना घरच्यांचा आधार होताच. एक विशिष्ट, अल्पकालीन प्रशिक्षण देऊन निकालात फरक पडतो का, एवढाच प्रश्न तेथे तपासला गेला.

तिसरा धडा : महाग यंत्र म्हणजे चांगला उपचार, असे नाही

चालणे परत मिळावे म्हणून शरीराचे काही वजन पट्ट्यांनी वर तोलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर सराव देण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील 'लीप्स' या अभ्यासात ४०८ रुग्णांवर तिची तुलना एका साध्या उपायाशी झाली. त्या उपायात भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या घरी जाऊन शक्ती आणि तोल वाढवणारे व्यायाम करून घेत असे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षाअखेर एकूण ५२ टक्के सहभागींचे चालणे वरच्या पातळीवर पोहोचले होते आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. घरचा उपाय यंत्रापेक्षा कमी ठरला नाही. तेव्हा यंत्र परवडत नाही म्हणून खचून जाण्याचे किंवा जमीन-दागिने गहाण ठेवण्याचे कारण नाही. मात्र घरचा व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि हळूहळू वाढवत नेलेला होता, हे विसरू नये.

याच अभ्यासातील निम्म्याहून अधिक सहभागी वर्षभरात किमान एकदा पडले. चालणे सुधारू लागते तेव्हाच पडण्याची जोखीमही वाढू शकते. घरातील उंबरे, ओली मोरी, सैल चादरी आणि अंधारा व्हरांडा यांकडे त्याच काळात अधिक लक्ष द्यावे.

चौथा धडा : दुबळ्या हाताला काम हवे

एक हात दुबळा झाला की रुग्ण सर्व कामे चांगल्या हाताने करू लागतो आणि दुबळा हात वापरातून जातो. 'एक्साइट' या अमेरिकेतील अभ्यासात पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीच्या बहुतांश वेळेत, जाड हातमोजा चढवला गेला आणि दुबळ्या हाताकडून कामांचा भरपूर सराव करून घेतला गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटाच्या हाताचा वापर नेहमीची काळजी घेतलेल्यांपेक्षा अधिक सुधारला आणि ही सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

हा उपाय सर्वांसाठी नाही. मनगट व बोटे थोडी तरी आपणहून उघडता येणाऱ्या रुग्णांवरच तो तपासला गेला. शिवाय तोल गेल्यास आधार घेण्यासाठी चांगला हात मोकळा असावा लागतो. म्हणून तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय रुग्णाचा चांगला हात बांधून ठेवू नये. तथापि यातील मूळ तत्त्व प्रत्येक घरात पाळता येते. भांडे धरणे, टॉवेलची घडी घालणे, शेंगा सोलणे अशा कामांत दुबळ्या हाताला जमेल तेवढा वाटा द्यावा. रुग्णाला जे सावकाश का होईना जमते, ते आपण त्याच्यासाठी करून टाकू नये.

घरी पाळावयाच्या गोष्टी

१. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणी, अन्न किंवा औषध देऊ नये. ठसका लागून अन्न फुप्फुसात जाऊ शकते.
२. रुग्णाला उठवताना किंवा कुशीवर वळवताना दुबळा हात ओढू नये. खांदा निखळू शकतो. बसवताना त्या हाताखाली उशी ठेवावी.
३. स्वतः कूस बदलता येत नसेल, तर साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी. पाठ, कंबर आणि टाचांवरची त्वचा रोज पाहावी.
४. व्यायाम थोडा थोडा आणि दिवसातून अनेक वेळा, शिकवल्याप्रमाणे करावा. वेदना वाढल्यास थांबून विचारावे.
५. रक्तदाब व मधुमेहाची औषधे बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. दुसरा पक्षाघात टाळणे हाही पुनर्वसनाचाच भाग आहे. तंबाखू पूर्ण सोडावी.
६. उदासी, रडू येणे, झोप न लागणे ही लक्षणे डॉक्टरांना सांगावीत. सेवा करणाऱ्या व्यक्तीलाही विश्रांतीची पाळी ठरवून द्यावी.

संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारणा झाल्यास

वर उल्लेखिलेल्या हजारो रुग्णांनी होकार दिला, म्हणूनच आज आपल्याला हे धडे उपलब्ध आहेत. तसा होकार देण्याची विचारणा आपल्यालाही होऊ शकते. त्या वेळी पुढील गोष्टी जाणून घ्याव्यात.

सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असतो. नकार दिल्याने किंवा मध्येच बाहेर पडल्याने आपल्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावे, घरी नेऊन वाचावे, शंका विचाराव्यात. सही केल्यावर संमतिपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती निःपक्षपाती साक्षीदारासमोर घेतली जाते. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर कायद्याने मान्य प्रतिनिधी ती देतो.

चार प्रश्न अवश्य विचारावेत. नैतिकता समितीची मान्यता मिळाली आहे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणी-नोंदवहीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, अभ्यासाची नोंद आहे का? मी तुलनेच्या गटात गेलो तर मला कोणते उपचार मिळतील? इजा झाल्यास तिच्या उपचारांची जबाबदारी कोणाची? केवळ संशोधनासाठी होणाऱ्या तपासण्यांचे पैसे सहभागी व्यक्तीकडून घेतले जाऊ नयेत.

मदत कोठे मिळेल

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भौतिकोपचार व पुनर्वसन-वैद्यक विभागांची चौकशी करावी. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था कार्यरत आहे. अनेक जिल्ह्यांत जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे आहेत. अपंगत्व टिकून राहिल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांसाठी अर्ज करता येतो. रक्तदाब आणि साखर यांची तपासणी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात करून घ्यावी.

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एका हातातील किंवा पायातील शक्ती जाणे, बोलणे अचानक अस्पष्ट होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वेळ पाहून ठेवावी आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे आपोआप ओसरली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे.