बॅटरी रूमला उरलेली जागा नको

चि. मधुरा हिस,


अकोल्याच्या उपकेंद्राचा नकाशा पाहिला. कंट्रोल रूम ऐसपैस आहे, पण 110 व्होल्टच्या बॅटरीच्या वाट्याला जिन्याखालची खोली आली आहे. उरलेली जागा बॅटरीला द्यायची रीत जुनी आहे. तू ती पुढे चालवू नकोस. बाहेरची वीज गेली आणि त्याच क्षणी लाइनवर दोष आला, तर ब्रेकर ट्रिप करायला हीच बॅटरी असते.

55 सेल चार्ज होताना, विशेषतः बूस्टवर, हायड्रोजन सुटतो. हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. आपण 1 टक्क्याच्या आत राहायचं. हिशेब सोपा आहे: सेलची संख्या, गुणिले गॅसिंगच्या वेळचा करंट, गुणिले 0.05. 20 अँपिअर धरलेस तर तासाला 55 घनमीटर हवा. यात सुरक्षिततेसाठी पाचपट धरलेलं आहे, तरी एवढी हवा लहानसा एक्झॉस्टसुद्धा ओढतो.

म्हणून पंख्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या जागेचा विचार जास्त कर. हायड्रोजन हलका, तो वर चढतो. तू पंखा उतरत्या छताच्या बुटक्या बाजूला दाखवला आहेस. गॅस उंच बाजूला साठून राहील. पंखा सर्वांत उंच जागी हवा, आणि हवा आत घेणारी जाळी समोरच्या भिंतीत, जमिनीलगत. फॉल्स सीलिंग मुळीच नको. ओढलेली हवा थेट इमारतीबाहेर जाऊ दे. पंखा बंद पडला तर बूस्ट आपोआप थांबेल, असं इंटरलॉक घाल.

बाकीचं तुला ठाऊक आहेच: दिवे फ्लेमप्रूफ, स्विच दाराबाहेर, फरशी आम्लरोधक, डोळे धुवायला पाणी हाताशी. मागच्या रांगेतल्या सेलपर्यंत हायड्रोमीटर पोचेल एवढी वाट मात्र ठेव. जिथे हात पोचत नाही, त्या सेलची देखभाल कागदावरच होते. आणि पश्चिमेची भिंत टाळ. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि अकोल्याचा मे महिना तुला सांगायला नको.

कोणी म्हणेल, लिथियम घ्या, कटकट मिटेल. 15 ऑक्टोबर 2022 ला दक्षिण कोरियात पांग्यो इथल्या डेटा सेंटरच्या तळघरात लिथियम बॅटरीला आग लागली. ती विझवताना इमारतीची वीज तोडावी लागली आणि काकाओटॉक हे मेसेजिंग ॲप देशभर ठप्प झालं. अडचणीत वीज पुरवायची ती बॅटरीच वीज जाण्याचं कारण ठरली. बॅटरी कुठलीही असो, तिची खोली पेटली तरी कंट्रोल रूम आणि मुख्य केबल वाचतील एवढं अंतर आणि मधे अग्निरोधक भिंत हवी.

सुधारलेला नकाशा पाठवशील तेव्हा हवा कुठून येते, कुठून जाते ते बाणांनी दाखव. आर्किटेक्ट जागा नाही म्हणाले, तर झाडू-बादल्यांची खोली जिन्याखाली न्यायला सांग. त्यांना चार्जिंग लागत नाही.

तुझा,
काका