थांबायचे, पण कोणाच्या शब्दावर?

पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की सभेचा नूर ठरलेला असतो. मुले उतावळी झाली, त्यांना सगळे आत्ताच्या आत्ता हवे, आमच्या वेळी असे नव्हते, असे एकमेकांना सांगून आपण सारे समाधानाने चहाला उठतो. आम्हीही अनेक वर्षे असेच बोलत आलो. गेल्या दिवाळीनंतर मात्र वसतिगृहात एक प्रसंग घडला आणि या विषयाचा नव्याने विचार करणे आम्हांस भाग पडले.

नववीतील एक विद्यार्थी सुट्टीत वडिलांच्या फोनवर युद्धाचा एक खेळ खेळत असे. त्या खेळात पैसे भरून बंद पेट्या उघडता येतात. बहुतेक पेट्यांत किरकोळ वस्तू निघते, क्वचित एखादा दुर्मीळ पोशाख. वडिलांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपैकी साडेचार हजार रुपये त्या पेट्यांत गेले. आम्ही त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, गेममध्ये टास्क पुरा केला की बक्षीस लगेच जमा होतं. शिष्यवृत्तीचं तसं नसतं." सातवीत मंजूर झालेली त्याची शिष्यवृत्ती तेव्हाही जमा झालेली नव्हती. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हा मुलगा अर्धे खरे बोलला होता. अशा खेळांत दोन प्रकारची बक्षिसे असतात. लहान बक्षीस निश्चित आणि तत्काळ मिळते. त्याने विश्वास बसतो. मोठे बक्षीस मात्र केव्हा मिळेल याचा नेम नसतो, आणि खरी गोम तिथेच आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते, की दाणा ठरावीक हिशेबाने न देता अनियमितपणे दिला तर कबूतर अधिक चिकाटीने चोच मारत राहते आणि दाणा बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. जुगाराच्या यंत्राचे तत्त्व हेच. म्हणूनच २०१८ साली बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने काही खेळांतील विकतच्या पेट्या तेथील जुगारविषयक कायद्याचा भंग करणाऱ्या ठरवल्या.

मग पेटी नको, कष्टाने मिळवा, असे म्हणून भागते काय? २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळात एका प्रसिद्ध पात्रासाठी ६०,००० गुण जमवावे लागत होते. त्यासाठी सुमारे ४० तास खेळावे लागेल, असा हिशेब खेळाडूंनी मांडला आणि एवढा गदारोळ केला, की कंपनीने तो आकडा १५,००० वर आणला. कष्टाचा भाव ठरवणारा जर दुसराच कोणी असेल, तर 'कष्टाचे फळ' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. हे आपल्या समाजाला खेळांमधून शिकण्याची गरज नाही.

संयमाचा धडा देताना स्टॅनफर्ड विद्यापीठातील वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग हमखास सांगितला जातो. लहान मुलापुढे एक मिठाई ठेवायची आणि थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील, असे सांगायचे. थांबणारी मुले पुढे अधिक यशस्वी झाली, असा त्याचा बोध. आम्हीही तो व्याख्यानांतून किती वेळा ऐकवला असेल! पण २०१८ साली अधिक मुलांवर केलेल्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा तो संबंध बराच क्षीण झाला. त्याहून बोलका प्रयोग सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ सालचा. त्यांनी मिठाईआधी मुलांना चांगले रंग आणि स्टिकर आणून देण्याचे कबूल केले. चौदा मुलांना ते खरोखर आणून दिले. दुसऱ्या चौदा मुलांना 'माफ कर, संपले' असे सांगितले. नंतर मिठाई ठेवली. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. शब्द मोडला गेलेली तीनच मिनिटे. मुले तीच, वयही तेच. फरक समोरच्या मोठ्या माणसात होता.

हा प्रयोग वाचला तेव्हा आम्हांस महाड आठवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले, आणि ओंजळभर पाणी मिळण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पुढचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयातून आला तो १७ मार्च १९३७ रोजी. ज्यांना 'थांबा' असे सांगितले गेले, त्यांनी थांबण्यास नकार दिला. त्यास उतावीळपणा कोण म्हणेल?

तेच बाबासाहेब १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले, तेव्हा मात्र थांबले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांच्या हाती होती. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी आणि मित्र नवल भथेना यांनी मदत केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्या संयमामागे त्यांची अपार जिद्द होती, हे तर खरेच. पण लंडनचे दार मुदतीपर्यंत उघडे राहिले आणि माणसांनी दिलेला हात काढून घेतला नाही, हेही तितकेच खरे. चरित्र शिकवताना हा दुसरा भाग आम्ही फार वर्षे गाळत होतो.

फोन काढून घेणे सोपे आहे, आणि वसतिगृहात आम्ही तो ठेवूही देत नाही. तथापि सुट्टीत मूल घरी जाते. घरी 'पुढच्या महिन्यात बघू' हे वाक्य आणि शाळेत 'वरून मंजुरी आली की देऊ' हे वाक्य किती वेळा उच्चारले जाते, याचा पालकांनी व आम्ही मिळून एकदा हिशेब करावा.

या जूनपासून आम्ही कार्यालयाबाहेर एक वही टांगली आहे. शिक्षकाने मुलांना काही कबूल केले, की ते मुलांनीच तारखेसह त्यात लिहायचे आणि शब्द पाळला गेला की समोर सही करायची. पहिल्याच महिन्यात काही शिक्षकांना ती वही रुचली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या नववीतल्या मुलाचे अक्षर चांगले म्हणून वही त्याच्याकडे सोपवली. मागच्या आठवड्यात त्याने ती आमच्यासमोर उघडून धरली. आमच्या नावापुढे दोन नोंदी सहीवाचून उरल्या होत्या: १५ ऑगस्टपर्यंत व्हॉलीबॉलची नवी जाळी, आणि त्याच्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही स्वतः तालुक्याला जाऊन चौकशी करणे. जाळी आली आहे. सोमवारी आम्ही तालुक्याला निघालो आहोत.