लेखनाचीं मुक्त साधनें

बोरू आणि दऊत यांच्या काळीं लिखाणाची मालकी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. दऊत कोणाचीहि असो, कागदावर एकदां उतरलेलें अक्षर कोणाहि साक्षरास वाचतां येई. आज आपले निबंध, शाळेचे जमाखर्च आणि सभांचीं इतिवृत्तें संगणकावर लिहिलीं जातात, व तीं पुन्हां वाचावयाचीं तर तीं जाणणारी आज्ञावली जवळ असावी लागते. ही आज्ञावली कोणाची व तिच्या वापरास अटी कोणत्या, याचा विचार विद्यार्थ्यांनीं करणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

कचेरीच्या कामाच्या आज्ञावल्यांचे दोन वर्ग करतां येतात. पहिला वर्ग खासगी मालकीचा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस हें त्याचें सर्वपरिचित उदाहरण होय. येथें पैसे देणारा मनुष्य आज्ञावली विकत घेत नाहीं, तर ठराविक अटींवर ती वापरण्याचा परवाना घेतो. तिची मूळ संहिता त्यास पाहतां येत नाहीं व मित्रास प्रत देण्याची त्यास मुभा नसते. दुसरा वर्ग मुक्त आज्ञावल्यांचा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें 1983 सालीं ग्नू नांवाची योजना जाहीर करून या चळवळीचा पाया घातला. तिच्या मतें वापरणारास चार अधिकार असावेत : आज्ञावली कोणत्याहि कामासाठीं चालविणें, तिची रचना अभ्यासून ती बदलणें, तिच्या प्रती इतरांस देणें, आणि सुधारलेली प्रतहि प्रसृत करणें. इंग्रजींतील ‘फ्री’ या एकाच शब्दांत मोफतपणा व स्वातंत्र्य हे दोन्ही अर्थ असल्यामुळें तिकडे पुष्कळ घोटाळा होतो. आपल्या भाषेंत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द निराळे आहेत. मोफत मिळालेली वस्तु मुक्त असेलच असें नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मुक्त साधनांपैकीं लिब्रेऑफिस हें आज विशेष प्रसिद्ध आहे. त्याचा इतिहास बोधप्रद आहे. जर्मनींतील ल्यूनेबुर्ग गांवीं मार्को बोरीस या शाळकरी वयाच्या तरुणानें 1985 सालच्या सुमारास एक लहान संस्था काढून लेखनाची आज्ञावली तयार केली. तिचाच पुढें स्टारऑफिस हा संच झाला. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें 1999 सालीं ती संस्था विकत घेतली आणि 2000 सालीं संचाची मूळ संहिता सर्वांस खुली केली. ओपनऑफिस तें हेंच. 2010 सालीं सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यांत गेली, तेव्हां या कामाचें पुढें काय होणार अशी शंका कार्यकर्त्यांस वाटूं लागली. त्यांपैकीं पुष्कळांनीं त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा करून लिब्रेऑफिस या नव्या नांवानें काम पुढें चालविलें. मालक बदलले, तरी श्रम वायां गेले नाहींत; कारण संहिता कोणा एकाच्या तिजोरींत नव्हती.

या संचांत सहा मुख्य अंगें आहेत. राइटर लेखनासाठीं, काल्क हिशेबाच्या तक्त्यांसाठीं, इम्प्रेस व्याख्यानाच्या चित्रपट्ट्यांसाठीं, ड्रॉ आकृत्यांसाठीं, मॅथ गणिताच्या सूत्रांसाठीं व बेस माहितीच्या नोंदींसाठीं. शाळेच्या नित्य कामास हीं पुरेशीं आहेत.

आतां लिखाण सांठविण्याच्या पद्धतीकडे वळूं. लिब्रेऑफिस आपलें लिखाण ‘ओपन डॉक्युमेंट’ या पद्धतीनें ठेवतें. ही पद्धत ओएसिस संस्थेनें 2005 सालीं मान्य केली व 2006 सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिचे नियम प्रसिद्ध असल्यामुळें कोणीहि कारागीर ती वाचणारी आज्ञावली लिहूं शकतो. जिज्ञासूंनीं एक प्रयोग करावा. आपल्या निबंधाची ‘ओडीटी’ फाईल घेऊन तिची एक प्रत काढावी, प्रतीच्या नांवाचें शेपूट बदलून ‘झिप’ करावें, आणि ती उघडावी. आंत ‘कंटेंट’ नांवाच्या फाईलींत आपलींच वाक्यें खुणांच्या कंसांत बसलेलीं दिसतील. येथें गुप्त असें कांहीं नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या नव्या फाईलींचे नियमहि 2008 सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले, हेंहि न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

मराठी भाषिकांस या प्रश्नाचें महत्त्व अधिक आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत लिहिला जाई. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो विशिष्ट टंक संगणकावर नसला, कीं सुंदर मराठी लेखाच्या जागीं अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. कित्येक जुने लेख अजून अशाच अवस्थेंत पडून आहेत. युनिकोड या सामायिक मानकानें देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हां हा अडथळा दूर झाला. लिब्रेऑफिस लिखाण युनिकोडमध्येंच ठेवतें, आणि त्याच्या आज्ञाहि मराठींत वाचतां येतात.

या साधनावर आक्षेप नाहींत असें नाहीं. दुसऱ्या संचांत तयार केलेला गुंतागुंतीचा कागद येथें उघडल्यास तक्ते व समास कधीं कधीं सरकतात. हिशेबाच्या तक्त्यांत बसविलेल्या स्वयंचलित आज्ञा कधीं कधीं पुन्हां लिहाव्या लागतात. शिवाय जुनी संवय सोडणें कठीण. जर्मनींतील म्युनिक नगरपालिकेनें 2003 सालीं मुक्त साधनांकडे वळण्याचें ठरविलें, 2013 पर्यंत सुमारें 15,000 संगणक बदलले, परंतु 2017 सालीं परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. उलट, फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलानें 2005 पासून ओपनऑफिस स्वीकारून पुढें संगणकांची मूळ प्रणालीहि मुक्त केली. आणि जर्मनींतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानें 2024 सालीं आपले सुमारें 30,000 संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचें जाहीर केलें. यावरून हें काम केवळ उत्साहाचें नसून शिक्षणाचें व चिकाटीचें आहे, हें उघड होतें.

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. महागड्या आज्ञावलीची चोरटी प्रत घेऊन काम भागविण्याची संवय आपल्याकडे अनेकांस जडली आहे. ‘सर्वच करतात’ हें त्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. जेथें मुक्त साधन सर्वांसाठीं उघडें आहे, तेथें गरीब विद्यार्थ्यास चोरीचा आश्रय घेण्याचें कारण उरत नाहीं. तो ताठ मानेनें आपली प्रत शेजाऱ्यासहि देऊं शकतो. म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत हें साधन उतरवून घ्या, आपला एक निबंध युनिकोड मराठींत त्यावर लिहा, व त्यांत जे दोष आढळतील ते नोंदून त्याच्या कर्त्यांस कळवा. ज्यास संहिता लिहितां येत नाहीं, त्यानें मराठी आज्ञांचे शब्द सुधारण्यास हातभार लावावा. केवळ घेणारे न राहतां देणारे होणें, यांतच अशा साधनाचा खरा उपयोग आहे.