नांगर टेकला की मिसिंग का?

प्रश्न : आमचा जुना, तीन सिलिंडरचा पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर उभा असताना सुरेख चालतो. रिकामी ट्रॉलीही ओढतो. पण नांगर जमिनीत उतरला की मिसिंग करतो. मेस्त्री पंप खोलायला सांगतात. खोलावा का?
— एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका. आधी ट्रॅक्टर नेमका कसा अडखळतो, ते कान देऊन ऐका.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. उभ्या ट्रॅक्टरला तासाला लिटरभर डिझेल पुरतं, नांगरटीत पाच-सहा लिटर लागतं. अर्धवट चोंदलेला फिल्टर लिटरभर सहज सोडतो, सहा लिटर नाही. म्हणून दोष लोडवरच उघडा पडतो.

सुरुवातीला चांगला ओढतो, मग दम तुटत जातो आणि थोडं थांबलं की पुन्हा ठीक होतो, असं असेल तर अडथळा डिझेलच्या वाटेत आहे. दम तुटला की लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन ट्रॅक्टर सुधारला, तर झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलंय. यात पैसा लागत नाही, म्हणून हे सगळ्यांत आधी. मग फिल्टरखालची वाटी काढून पाणी आणि गाळ बघा. कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलमधून पाणी हमखास येतं. फिल्टर जुना असेल तर बदलाच.

ठोका मात्र ठरावीक अंतराने चुकत असेल, तर एकच सिलिंडर मार खातोय. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नॉझलच्या पाइपचा पंपाकडचा नट पान्याने किंचित सैल करा आणि पुन्हा आवळा. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर दोषी. त्या वेळी हात आणि तोंड लांब ठेवा. दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर तडक दवाखाना गाठा.

इंजिन बंद करून दोषी सिलिंडरचं नॉझल शेजारच्याशी बदलून बघा. दोष नॉझलबरोबर सरकला, तर नॉझल टेस्टिंगला द्या. जागेवरच राहिला, तर टॅपेट तपासा, मग कॉम्प्रेशन. तेही ठीक निघालं, तरच पंप.

फिल्टर बदलल्यावर हवा काढायला विसरू नका. ब्लीड स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने मारत राहा. फेस थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. फेस थांबतच नसेल, तर टाकी ते फीड पंप या पाइपचे वॉशर बदला. हवा तिथूनच आत शिरते.