दाराखालचा सडलेला पत्रा : पुटी भरावी की कापून काढावा?

पिकअप गाडीच्या केबिनच्या दाराखाली जो लांब, पोकळ पत्रा असतो त्याला कंपनीच्या भाषेत रॉकर पॅनल किंवा सिल म्हणतात. रत्नागिरी, हर्णैकडे मासळी वाहणाऱ्या गाड्यांत हा भाग फार लवकर जातो. जेट्टीवरचे खारे पाणी चाकांनी उडते, ओले पाय आणि टोपल्या केबिनमध्ये येतात, आणि मीठ गंजाला घाई करते.

हा गंज बहुधा आतून बाहेर येतो, हे ध्यानात ठेवावे. हा पत्रा म्हणजे एक बंद पेटी. तिच्या तळाला पाणी निघायला भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते. म्हणून बाहेर रंगाला रुपयाएवढा फोड दिसला, तरी आत वीतभर पत्रा गेलेला असू शकतो. जुन्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावे. टोक आत गेले तर पुटीचा विचार सोडावा.

सुरुवातीच्या काळात आम्हीही ही चूक केली आहे. गिऱ्हाईक म्हणाले, स्वस्तात भागवा. आम्ही जाळी लावून पुटी भरली, वर रंग मारला. एक पावसाळा जेमतेम गेला आणि तोच तुकडा हातात आला. पैसे परत द्यावे लागले ते वेगळेच. त्या गिऱ्हाइकाने भावाची गाडीही दुसऱ्या गॅरेजात नेली.

कापण्यापूर्वी चॅसी पाहावी. केबिन जिथे रबरावर बसते तिथे चॅसीच पोकळ झाली असेल, तर दाराखालच्या पत्र्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. दामही दोन सांगावेत : फक्त बाहेरचा पत्रा गेला असेल तर इतके, आतलाही निघाला तर इतके. कापल्याशिवाय आतले कळत नाही आणि भांडणे नेमकी तिथेच होतात.

बॅटरीची तार काढावी. सीट, मॅटिंग बाहेर घ्यावे, वायरिंग व डिझेलचा पाइप कुठून जातो ते पाहून बाजूला करावा. पाण्याची बादली आणि आग विझवायचे सिलिंडर हाताशी हवे. गाडी सपाट जागेवर असावी, जॅक चॅसीखाली लावावा. दाराच्या चारी बाजूंची फट मोजून खडूने लिहून ठेवावी. आतला पत्राही काढायचा असेल तर दार उतरवून पुढच्या-मागच्या खांबांमध्ये अँगल टाचून घ्यावा. एका वेळी एकच बाजू घ्यावी. घाईत दोन्ही बाजू कापलेली गाडी आम्ही पाहिली आहे. केबिन खचली आणि दार कुलपाला लागेना.

स्पॉट वेल्डिंगचे टाके ड्रिलने सोडवावेत. नुसता ग्राइंडर चालवला तर आतला चांगला पत्राही कापला जातो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जावे, सडक्यावर टाका धरत नाही. तयार पॅनल मिळाले तर उत्तम, नाहीतर १८ गेजचा पत्रा वाकवून घ्यावा. कडेला ८ मिलिमीटरची भोके पाडावीत, दोन पत्र्यांमध्ये वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावावा, क्लॅम्प मारावेत. टाचण्यापूर्वी दार लावून फट पुन्हा मोजावी. अँगल असेल तर तो सोडून टाके मारल्यावर लगेच हे करावे, म्हणजे चुकले तर टाके तोडता येतात. मग सीओटू मशीनने इंच-इंच, जागा बदलत वेल्डिंग करावे. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा वाकडा होतो. जस्ती पत्रा असेल तर जोडाजवळचे जस्त घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे. त्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

जोडांवर सीलर, मग प्रायमर, रंग. आतल्या पोकळीत मेणाचा फवारा सर्वांत शेवटी, कारण मेणावर रंग धरत नाही आणि वेल्डिंगच्या आचेने ते पेट घेते. तळाची भोके मात्र सीलरने बुजवू नयेत. हाताखालची मुले नेमकी तीच बुजवतात. गाडी देताना ती भोके गिऱ्हाइकाला दाखवावीत आणि जेट्टीवरून आल्यावर खालून गोडे पाणी मारायला, महिन्यातून एकदा भोकात तार फिरवायला सांगावे.