दीर्घिकांच्या भिंती आणि विश्वातील पोकळ्या

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका होय. तिच्यासारख्या अब्जावधी दीर्घिका विश्वात आहेत. त्या सर्वत्र सारख्या विखुरल्या आहेत की त्यांच्या मांडणीस काही आकार आहे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता.

उत्तरासाठी प्रत्येक दीर्घिकेचे अंतर ठाऊक हवे. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटात तांबड्या रंगाकडे सरकलेला आढळतो. अंतर जितके अधिक, तितके हे सरकणे अधिक. या ताम्रसृतीवरून अंतराचा अंदाज बांधता येतो. १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेस सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षे व्यासाची, जवळजवळ दीर्घिकाविरहित पोकळी आढळली. १९८६ मध्ये व्हॅलेरी द लापरां, मार्गारेट गेलर व जॉन हुक्रा यांनी सुमारे १,१०० दीर्घिकांचा नकाशा प्रसिद्ध केला. साबणाच्या फेसाप्रमाणे मध्ये मोठ्या पोकळ्या आणि त्यांच्या पातळ भिंतींवर दीर्घिका, असे चित्र त्यातून पुढे आले.

या रचनेचे मूळ विश्वाच्या बाल्यावस्थेत आहे. त्या काळच्या प्रारणाच्या तापमानात सुमारे एक लक्षांश इतकाच फरक असल्याचे १९९२ मध्ये कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून दिसून आले. किंचित दाट असलेल्या भागांनी गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे द्रव्य ओढून घेतले आणि विरळ भाग रिते होत गेले. या कार्यात न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. भिंती व तंतू जेथे एकत्र येतात, तेथे दीर्घिकांचे महासमूह आढळतात.

असाच एक महासमूह पुण्यातील 'आयुका' व 'आयसर' या संस्थांतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने शोधला गेला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या या महासमूहास 'सरस्वती' हे नाव देण्यात आले. मीन राशीच्या दिशेस सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरील या महासमूहाचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे असून त्याचे वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांइतके आहे. त्याचा आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे ९८० कोटी वर्षे होते. तेवढ्या अवधीत एवढी प्रचंड रचना कशी घडली, याचा उलगडा विश्वोत्पत्तीच्या सिद्धान्तास करावा लागतो. म्हणूनच या शोधाचे महत्त्व मोठे आहे.

विशेष म्हणजे, या शोधाचा आधार अमेरिकेतील 'स्लोन' आकाश-सर्वेक्षणाची, सर्वांस खुली असलेली माहिती हा होता. नव्या दुर्बिणीइतकेच उपलब्ध माहितीचे चिकाटीने केलेले विश्लेषणही फलदायी ठरते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून देण्याजोगे आहे.