वळवाचा पाऊस आणि वीज

आंबेगांव तालुक्यांतील पेठ गांवाच्या बाजूस चैत्र-वैशाखांत लेंकराबाळांसह जत्रेस निघालेलें कुटुंब दुपारनंतर वळवाच्या पावसांत सांपडतें. अशा वेळीं सर्वांची धांव झाडाखालीं असते. तेथेंच घात होतो. कारण वीज बहुधा उंच वस्तूवर पडते व झाडांतून जवळच्या माणसावर उडी घेते.

ही वीज येते कोठून? तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वेगानें वर चढून उंच ढग बनतो. त्यांतील हिमकण व गारा एकमेकांवर आपटून विद्युत् सांचते.

म्हणून आम्ही वाचकांस सांगतों कीं, गडगडाट ऐकूं येतांच पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें तेथेंच थांबावें.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगांत ती राहत नाहीं. त्यास शिवण्यास भिऊं नये. १०८ वर फोन करावा. श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाबावें. शिवण्याच्या भीतीनें वांचणारा जीव जातो.

जत्रा पुढल्या वर्षींही भरेल. गेलेलें माणूस परत येत नाहीं.